सर्व्हिसचा दिवा नुसता घालवू नका, आणि त्याला घाबरून वाटेत भलतीच कामंही काढू नका

आज सकाळपासून एकच व्हिडिओ सगळीकडून येतोय. लांबच्या प्रवासात सर्व्हिसचा दिवा लागला? इग्निशन ऑन करा, ट्रिपचं बटण दाबून धरा, दिवा गेला, निघा पुढे. आणि खाली लोक आभार मानतायत!

अहो, बटण दाबून चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळातल्या टाकीतलं, ऑइल बदलत नाही. फक्त आकडा बदलतो. सर्व्हिस झाली असं धरून गाडी पुढचे 10,000 किलोमीटर गप्प बसते, घरी परतल्यावर आठवण करून द्यायला काही उरत नाही, आणि तेच काळं ऑइल दुप्पट अंतर चालतं. त्याचा गाळ ऑइल वर खेचणाऱ्या नळीच्या जाळीत साठतो, इंजिनच्या वरच्या भागाला आणि टर्बोच्या बेअरिंगला ऑइल कमी पडायला लागतं. गाडीत आईवडील आणि पोरं बसवून निघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चालणार आहे का?

आता दुसरी बाजू, आणि तिचा मला जास्त त्रास होतो. ओळखीतली एक ताई वयस्कर आईवडिलांना घेऊन निघाली होती. निम्म्या वाटेत पान्याचं चित्र आलं, सोबत ‘सर्व्हिसला 1,000 किलोमीटर बाकी’. ती बिचारी घाबरून वाटेतल्या एका गॅरेजात शिरली. तिथे सांगितलं, ऑइल संपलंय, इंजिन बसेल. डिपस्टिक काढून दाखवलीसुद्धा नाही.

पिवळा पाना म्हणजे तारीख जवळ आली, एवढंच. काही गाड्या नुसते किलोमीटर आणि महिने मोजतात, जे आधी भरेल ते. काही गाड्या इंजिनचे फेरे, तापमान, थंड इंजिन किती वेळा सुरू झालं यावरून ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत काढतात. चेंबरमध्ये ऑइल किती आहे हे यातल्या कुठल्याच हिशोबात येत नाही. ऑइलच्या डब्याचं चित्र असलेला लाल दिवा पेटला तर मात्र ऑइलचं प्रेशर गेलं असं समजायचं. सुरक्षित कडेला घ्यायची आणि लगेच इंजिन बंद. पुढच्या पंपापर्यंत नेऊ, हा विचारसुद्धा नको. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत जाऊन स्कॅन करून घ्या. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत इंधन नीट पेटत नाही. न जळलेल्या इंधनाने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जातो, तेव्हा पाय काढा आणि थांबा.

ताईला हे कुणी शांतपणे सांगितलं असतं, तर वाटेत करायचं काम पंधरा मिनिटांचं होतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. डिपस्टिक काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, मग पुन्हा काढून बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर पुढे जा. खालच्या खुणेजवळ असेल तर एका वेळी पाव लिटर घाला, थांबा, परत बघा. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जास्त ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, फेस होतो आणि फेसाने प्रेशर टिकत नाही. ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाड-पातळपणाचा आकडा, गाडीच्या पुस्तकात असतो, 0डब्ल्यू-20, 5डब्ल्यू-30 जो असेल तो. टॉप-अपला ब्रँड वेगळा चालेल, ग्रेड आणि स्पेसिफिकेशन तेच हवं. डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचंच ऑइल, नाहीतर फिल्टर चोंदतो. आणि डिझेल गाडीत पातळी आपोआप वर चढलेली दिसली, वास डिझेलचा आला, तर प्रवास लांबवू नका. डिझेल ऑइलमध्ये उतरतंय.

कूलंट इंजिन थंड असतानाच बघा, गरम असताना झाकण उघडू नका. ब्रेक ऑइल खाली गेलं असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका, पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. टायरची हवा थंड टायरला, दाराजवळच्या स्टिकरवरचा पूर्ण लोडचा आकडा बघून.

बरं, मान्य, हायवेचे सलग किलोमीटर ऑइलला शहरातल्या छोट्या फेऱ्यांपेक्षा सोपे जातात. इंजिन नीट तापतं, ऑइलमधली वाफ आणि पेट्रोल उडून जातं. पण भरलेली गाडी, घाट, धूळ असेल तर ही सवलत संपली. आणि टायमिंग बेल्टची (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) मुदत भरत आली असेल तर ‘परत आल्यावर बघू’ अजिबात नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

म्हणून निघण्याआधी साधी वजाबाकी करा. उरलेल्या किलोमीटरमधून जाऊन-येऊन अंतर वजा करा. आकडा ऋण आला तर आठवडाभर आधीच सर्व्हिस उरका, आदल्या दिवशी नको. काही चुकलं असेल तर ते गावातल्या गावात कळू दे.

वाटेत करायचीच वेळ आली, तर फक्त ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट) नवा वॉशर. ताईला इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, सगळं गळ्यात मारलं. आणि मुख्य कामात काय केलं? जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं होतं, त्याच्यावरच नवा फिल्टर आवळला. दोन रबरं एकावर एक बसत नाहीत, प्रेशरने एक बाहेर सरकतं. थोडं पुढे गेल्यावर लाल डबा पेटला. तिने तत्क्षणी इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. शाबास तिची! पण दोन म्हाताऱ्या माणसांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा समोर उभं राहून जुना फिल्टर हातात घ्या, त्याचं रबर त्याच्यावरच आहे ना बघा. ड्रेन प्लग हाताने आटे बसवून मगच पाना लावायला सांगा. सुरू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. मिनिटभर इंजिन चालू ठेवून खाली वाकून गळती बघा, मग बंद करून पातळी बघा. बिलावर किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि लिटर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतं. दिवा रीसेट करायचा तो आता. आणि 50 किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा गाडीखाली बघा. चाकं काढली असतील तर नटही तेव्हाच तपासून घ्या.