उजवीकडून तिसरा

आरक्षणाची सोडत निघते मंत्रालयात आणि डोकेदुखी सुरू होते आमच्या चौकात. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या महापौरपदांची सोडत झाली आणि आमच्या शहराची चिठ्ठी सर्वसाधारण गटात गेली. पद राखीव निघालं असतं तर इच्छुक बोटावर मोजता आले असते. आता कसलाच दाखला लागणार नव्हता. शिवाय कित्येक वर्षं प्रशासकाचाच कारभार असल्यामुळे ‘पुन्हा मीच’ म्हणायला मावळते महापौरही नव्हते. संध्याकाळपर्यंत नव्यानं निवडून आलेला जो तो ‘भावी महापौर’ झाला. आमच्या प्रभागाचे नगरसेवक चार, त्यातले तीन भावी. चौथे बिचारे आजारी होते.

खरं तर यात आम्हा मतदारांचा काही संबंध नाही. आम्ही चार बटणं दाबून चार नगरसेवक दिले की आमचं काम संपलं. महापौर निवडतात ते नगरसेवक, सभागृहात हात वर करून. पण श्रेष्ठींना जनाधार दिसावा लागतो, आणि जनाधार छापायचा तर चेहरे लागतात.

चौकात अण्णांचा फ्लेक्स लागला. वर श्रेष्ठी, मधे कमरेवर हात ठेवून अण्णा आणि तळाला पोस्टाच्या तिकिटाएवढे शुभेच्छुक. त्यात उजवीकडून तिसरा मी! भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला फोटो कुणीतरी माझ्या व्हॉट्सॲपवरून उचलला होता. कापताना शेजारी बसलेल्या मेहुण्याचा एक कानही सोबत आला होता. खाली लिहिलं होतं, ‘समाजसेवक’. दुसऱ्या दिवशी समोरच्या खांबावर ताईंचा फ्लेक्स चढला. तिथेही मीच, तोच फेटा, पण ‘युवा नेते’. मी निवृत्तीला टेकलो आहे.

“काका, ताईंकडे गेलात म्हणे?” अण्णांच्या पोरांनी मला भाजीच्या पिशवीसकट अडवलं.

“अरे, मी कुठेच गेलो नाही. भाजी आणायला गेलो होतो.”

“मग फोटो?”

बायकोनं मात्र दोन्ही फ्लेक्स नीट पाहून निकाल दिला. “ताईच होणार महापौर. त्यांनी कान काढलाय.”

पुढे एकदा अण्णा घरी आले तेव्हा मी धीर करून विचारलं, “अण्णा, कार्यकारी अधिकार सगळे आयुक्तांचे. पैशाच्या चाव्या स्थायी समितीच्या १६ जणांकडे. मग महापौराकडे काय?”

अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मान, काका, मान. आणि गाडी.”

यानंतर विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी झाली आणि नगरसेवक अदृश्य झाले. नेमकं त्याच आठवड्यात चौकातलं गटार तुंबलं. अण्णा सहलीला, ताई सहलीला, तिसरे कुठे आहेत ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं, आणि फोन सगळ्यांचेच बंद. वॉर्ड ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, “नगरसेवकांचं पत्र आणा.” फ्लेक्सवरचे अण्णा तेवढे जागेवर होते, बरोबर गटाराच्या वर, हसत. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून वर बघायचे आणि त्यांना मी दिसायचो. एका आजीबाईंनी तर मला रस्त्यातच गाठलं. “समाजसेवक ना तुम्ही? मग काढा की ते!”

शेवटी श्रेष्ठींकडून बंद लिफाफा आला. आतलं नाव भलत्याच प्रभागातलं होतं, ज्याचा शहरात एकही फ्लेक्स नव्हता. नगरसचिवांकडे अर्ज गेला, व्हिप निघाला आणि अण्णांचा पत्ता कट झाला. सभागृहात त्यांनी हात वर केला तो खांद्यापर्यंतच. पीठासीन अधिकाऱ्यांनी तोही मोजला. मग जेसीबीतून गुलाल, ढोल, वाहतूक कोंडी वगैरे रीतसर पार पडलं.

मला वाटलं, सुटलो. रात्री अण्णांचा फोन आला. आवाजात दुःखाचा मागमूस नव्हता.

“काका, महापौराची मुदत अडीच वर्षं. साहेबांचा शब्द आहे, सव्वा वर्ष त्यांचं, सव्वा वर्ष आपलं.”

“अभिनंदन, अण्णा.”

“ते राहू द्या. एखादा बिनफेट्याचा फोटो पाठवून ठेवा. आणि एकट्याचा काढा, मागच्या वेळी कुणाचा तरी कान आला होता.”