झोपलेल्या माणसाचे कान उघडेच असतात

कुणी स्वप्न सांगायला लागलं की ऐकणारी मंडळी लगेच अर्थ काढायला बसतात. घंटा ऐकू आली म्हणजे अमुक, पाणी दिसलं म्हणजे तमुक, गेलेल्या माणसाने हाक मारली म्हणजे काहीतरी घडणार. माझं मत असं की अर्थाच्या मागे लागण्याआधी एक साधी चौकशी करावी. त्या वेळी खोलीत काय वाजत होतं? पंखा, फोन, पाऊस, पलीकडच्या खोलीतलं बोलणं? 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे खरंच आहे, पण अर्धं. कानी पडतं तेही स्वप्नात येतं, आणि वेश बदलून येतं. आपण झोपलो म्हणजे जगाशी संबंध तुटला, असं आपण गृहीत धरतो. ते तसं नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मागे एकदा स्वप्नात मी एका कचेरीत उभी होते. कसलासा दाखला हवा होता. समोरचा कारकून टाइपरायटरवर तो टाइप करत होता, पण एका वेळी एकच अक्षर. टक्. मग हात मागे घेऊन माझ्याकडे बघायचा. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. पाठीमागे रांग वाढत चाललेली, खिडकी बंद व्हायची वेळ झालेली, आणि कागदावर माझं नावसुद्धा अजून पुरतं उमटलेलं नाही. जाग आली तेव्हा बाथरूममधला नळ बादलीत ठिबकत होता. टक्, मग शांतता, मग टक्. ठेका तोच, मधली शांतताही तेवढीच. मनाने आवाजाला हात लावला नव्हता, फक्त त्याला वेगळं कारण जोडून दिलं होतं. त्या दिवसांत एक काम रखडलं होतं, त्याची घालमेल त्या कारकुनाच्या नजरेत जाऊन बसली होती. नळ बाहेरचा, घालमेल आतली. दोन्ही मिळून एक गोष्ट झाली, आणि तीही अशी की झोप मोडू नये. स्वप्न हे झोपेचं राखणदार असतं असं फ्रॉइडने म्हटलं होतं. त्याचं बाकीचं बरंचसं मला पटत नाही, हे मात्र पटतं.

या विषयाचं वेड फार जुनं आहे. अल्फ्रेड मोरी नावाच्या फ्रेंच विद्वानाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८६१ साली ते पुस्तकात छापले. तो झोपायचा आणि त्याने सांगून ठेवलेला माणूस शेजारी बसून काहीतरी करायचा. चिमट्यावर कात्री घासली तर मोरीला स्वप्नात घंटा ऐकू आल्या, मग त्या धोक्याच्या घंटा झाल्या आणि तो थेट जून १८४८ च्या पॅरिसमधल्या उठावाच्या दिवसांत जाऊन पोचला. नाकाशी अत्तर धरलं तर कैरोतल्या अत्तराच्या दुकानात. पण त्याचं सगळ्यात गाजलेलं स्वप्न प्रयोगातलं नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीतला दहशतीचा काळ, न्यायासनासमोर उलटतपासणी, शिक्षा, गाडीतून वधस्तंभापर्यंतची मिरवणूक, आणि शेवटी मानेवर पडणारं गिलोटिनचं पातं. दचकून उठला तर पलंगाची दांडी निसटून मानेवर पडली होती.

आता यातली मेख बघा. दांडी पडली शेवटी. मग तिच्याकडे नेणारी एवढी लांब कहाणी आधीपासून कशी चालू होती? यावरून पुष्कळ लोकांनी निष्कर्ष काढला की स्वप्न म्हणजे क्षणार्धाचा खेळ, जाग येता येता सगळं एका झटक्यात रचलं जातं. आजही हे ठामपणे सांगणारे भेटतात.

१९५८ साली विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी हे तपासून पाहिलं. झोपेत बुबुळं भराभर हलतात त्या टप्प्याचा, म्हणजे रेम झोपेचा, शोध पाच वर्षांपूर्वीच लागला होता. त्या टप्प्यात असलेल्या माणसांच्या अंगावर त्यांनी गार पाणी शिंपडलं आणि काही वेळाने उठवून स्वप्न विचारलं. ज्यांच्या स्वप्नात पाणी शिरलं होतं, त्यांना पाण्यापासून जाग येईपर्यंत स्वप्नात काय काय घडलं ते सांगायला लावलं. तेवढं सगळं जागेपणी घडायला जितका वेळ लागेल तो आणि घड्याळातला वेळ साधारण जुळला. म्हणजे स्वप्न आपल्याच चालीने चालतं. मग मोरीचं काय? मला वाटतं, जाग आल्यावर आठवण स्वतःच मागचे तुकडे उचलून ओळीने लावते, आणि पुन्हा पुन्हा सांगताना ती ओळ आणखी सरळ होत जाते.

त्याच प्रयोगात एक आकडा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, तोही सांगायलाच हवा. पाणी ४२ टक्के वेळा स्वप्नात शिरलं, प्रकाशाचा झोत २३ टक्के, आणि आवाज फक्त ९ टक्के. पण तो आवाज कसला होता? यंत्रातून काढलेला एकसुरी सूर. त्याला ना चेहरा, ना अर्थ. १९६३ मध्ये राल्फ बर्जर यांनी सुरांऐवजी नावं ऐकवली, त्यांतली काही त्या माणसांच्या जवळच्या व्यक्तींची. ती स्वप्नांत शिरली, आणि पुष्कळदा सारख्या उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाच्या रूपाने. आपल्याकडचं उदाहरण करायचं तर कानाशी 'वसंत' म्हणावं आणि झोपलेल्याने स्वप्नात घर 'पसंत' करायला निघावं. ध्वनी आत पोचला, अर्थ वाटेत सुटला, आणि मनाने हाताशी होता तो दुसरा लावून टाकला.

असं होतं याचं कारण कानाला पापणी नाही. झोपेतही आवाज मेंदूपर्यंत जातोच. मेंदूतच थॅलॅमस नावाचा एक भाग तपासणी नाक्यासारखा बसलेला आहे, गाढ झोपेत तिथे बरंच काही अडवलं जातं. काही माणसं कितीही गोंगाटात झोपतात, त्यामागे झोपेतल्या विद्युतलहरींचे 'स्पिंडल' नावाचे छोटे झोत असतात. ज्याच्या मेंदूत हे जास्त, त्याची झोप आवाजाने कमी मोडते. मात्र नाक्यावर निवड चालते. स्वतःचं नाव ऐकल्यावर झोपलेल्या मेंदूत इतर नावांपेक्षा ठळक प्रतिसाद उठतो, हे १९६० मध्येच इंग्लंडमध्ये दिसून आलं होतं. आणि फ्रेंच संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलेली गोष्ट तर मला भारीच वाटते: रेम झोपेत बुबुळं वेगाने हलत असतात नेमक्या त्या क्षणांत मेंदू बाहेरचं अर्थपूर्ण बोलणं दाबतो. आतलं नाटक रंगात आलं की बाहेरच्याला दार बंद.

इथपर्यंत हे सगळं गमतीचं वाटेल, पण यात जीवही वाचतात. धुराचा इशारा देणारा भोंगा कर्कश वाजत असतो आणि लहान मुलं खुशाल झोपून राहतात. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाले. नेहमीच्या भोंग्याने जी मुलं मिनिट-दोन मिनिटं हलत नव्हती किंवा उठतच नव्हती, ती आईच्या आवाजातल्या इशाऱ्याने कितीतरी लवकर उठली. पुढे असंही दिसलं की आवाज आईचाच असायला हवा असं नाही, अनोळखी माणसाचा आवाजही चालतो. माणसाने माणसाला हाक मारणं, एवढं पुरतं. घरोघरी लावायचे भोंगे बनवताना हे कुणी लक्षात घेणार आहे की नाही?

दुसऱ्या बाजूने लक्ष घालणारे मात्र तत्पर आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका बिअर कंपनीने झोपण्यापूर्वी बघायची चित्रफीत आणि रात्रभर लावून ठेवायचे आवाज तयार केले. उद्देश उघडच सांगितला होता, लोकांच्या स्वप्नात आपली जाहिरात जावी. स्वप्नांवर काम करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून याला विरोध केला. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. जागा माणूस जाहिरात दिसली की मान वळवतो, झोपलेला काय करणार? उपचारासाठी, दुःस्वप्नांचा त्रास कमी करण्यासाठी, शिकलेलं पक्कं करण्यासाठी झोपेत आवाज वापरून बघताहेत, ते जरूर व्हावं, कारण तिथे माणसाला विचारून, सांगून केलं जातं. माल विकायला हे वापरण्यावर कायद्याने बंदी हवी.

आणि कंपन्यांचं राहू द्या, आपण काय करतो? मूल झोपलंय ना, मग त्याच्या उशाशी भांडायला हरकत नाही, असं धरून चालतो. आजारी माणसाचे डोळे मिटलेले दिसले की त्याच्याच प्रकृतीबद्दल नको ते बोलतो. बातम्यांचा टीव्ही चालू ठेवून झोपून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा घराबाहेर सरासरी ४० डेसिबल सुचवली. ती बहुतेकांच्या हाताबाहेरची आहे, रस्ता आपण बंद करू शकत नाही. टीव्ही करू शकतो. बोलायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. आणि कुणाला उठवायचंच असेल तर लांबून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, हळू आवाजात, नावाने हाक मारू शकतो.