चारच तर चेंडू वाढवलेत!

सरकार तुमचं भलं करायला निघालं की तुम्ही आधी हरकतीचा अर्ज शोधता, ही तुमची जुनी खोड. अमेरिकेतल्या टेक्सासच्या लोकांनाही हीच खोड आहे. २००० साली तिथल्या राज्य लॉटरीने ‘लोटो टेक्सास’ या, चेंडूंवरचे सहा आकडे ओळखायच्या खेळात चार चेंडू वाढवायचं ठरवलं. पन्नासाचे चोपन्न. बस, एवढंच. तेवढ्यावरून लोकांनी पत्रं लिहिली, तक्रारी केल्या, जॅकपॉट लागणं अवघड होतंय म्हणून ओरड केली. लॉटरीवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चार चेंडू वाढवले. ऐकून घेणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे ज्याला कळत नाही त्याने लोकशाहीत राहू नये.

तुम्ही त्यांच्यासारखे वागू नका. उद्या तुमच्या राज्यातला जॅकपॉट अवघड झाला तर कसं वागायचं, एवढंच आज सांगतो.

पहिली गोष्ट, आकडेमोड करायची नाही. केली की मन कलुषित होतं. पन्नासातून सहा आकडे अचूक यायची शक्यता १ कोटी ५८ लाख ९० हजार ७०० मध्ये एक होती. चोपन्न केल्यावर ती २ कोटी ५८ लाख २७ हजार १६५ मध्ये एक झाली. म्हणजे चार चेंडूंनी हुकायच्या जवळजवळ कोटभर नव्या वाटा काढल्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या २ कोटी ८ लाख ५२ हजारांच्या आसपास भरली. आता गंमत बघा. पन्नास चेंडू असताना राज्यातल्या प्रत्येकाने, अगदी पाळण्यातल्या बाळानेही, वेगवेगळ्या आकड्यांचं एकेक तिकीट काढलं असतं, तर कोणाला तरी जॅकपॉट हमखास लागला असता आणि जोड्या संपून तरी माणसं उरली असती. चोपन्न झाल्यावर सगळं राज्य रांगेत उभं राहिलं तरी पन्नास लाख तिकिटं शिल्लक राहतात, आणि जॅकपॉट नेमका त्यांतच निघू शकतो. हे ज्याने बसवलं त्याला मी मनापासून दाद देतो. एक अख्खं राज्य एकाच वेळी हरू शकेल अशी सोय करणं सोपं नाही.

पण ही सोय कशासाठी? तुमच्यासाठीच. जॅकपॉट फार लवकर लागत होता हो! न लागलेली रक्कम पुढच्या सोडतीत साचत जाते, पण हा हंडा जरा कुठे भरत आला की कोणीतरी येऊन तो उपडा करायचं. मग पुन्हा खालपासून सुरुवात, आणि चाळीस लाख डॉलरसाठी हल्ली कोण रांग लावतो? हंडा मोठा दिसायचा तर तो भरेपर्यंत कोणाला लागता कामा नये. कोणाला लागू नये म्हणून चेंडू वाढवायचे. लॉटरी लागू नये यासाठी झटणारं लॉटरी खातं, ही कल्पना तुम्हाला विचित्र वाटत असेल, तर आपल्याकडच्या पाणीपुरवठा खात्याचा विचार करा, म्हणजे सवय होईल.

दुसरं, नजर पाटीवर ठेवा. समजा तुम्ही टेक्सासातल्या प्लेनोला राहता आणि तुमचे सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. ऑस्टिनला जाताना हायवेच्या कडेला लॉटरीच्या जॅकपॉटची ही मोठी झगमगती पाटी लागते.

“जावईबापू, तो आकडा किती हो?”

“नऊशे मिलियन, बाबा.”

“म्हणजे आपले?”

तुम्ही गाडी चालवता चालवता गुणाकार करायला घेता, सासरे मागून शून्यं मोजतात आणि तुमची एक्झिट चुकते. पाटीचं काम झालं. त्या पाटीवर जिंकायची शक्यता लिहिलेली नसते. एवढी शून्यं लिहिल्यावर जागा कुठे उरते?

तिसरा सल्ला जरा सविस्तर देतो, कारण इथेच भले भले घसरतात. जॅकपॉट अवघड होताना खातं तुम्हाला नेहमी सांगेल की ‘जिंकणं सोपं झालंय’. हे खोटं नसतं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पॉवरबॉल’ या बहुराज्यीय लॉटरीचा साचा बदलला. आधी ५९ पैकी पाच पांढरे आणि ३५ पैकी एक लाल चेंडू ओळखायचा होता, तो ६९ पैकी पाच आणि २६ पैकी एक असा झाला. जॅकपॉटची शक्यता साडेसतरा कोटींत एकावरून २९ कोटी २२ लाखांत एकावर गेली. २०११ च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र अडीच वेळा उभा करा आणि त्यातून एक माणूस उचला, तो तुम्ही. पण त्याच वेळी कोणतं ना कोणतं बक्षीस मिळण्याची शक्यता बत्तिसात एकावरून पंचविसात एकावर आली! हे ‘कोणतं ना कोणतं’ म्हणजे बहुतेक वेळा चार डॉलर. तिकीट दोन डॉलरचं. दहा लाख डॉलरचं दुसरं बक्षीस होतं ते ५१ लाखांत एकाला लागायचं, ते १ कोटी १६ लाखांत एकाला लागू लागलं. म्हणजे चार डॉलर जिंकणं सोपं झालं आणि दहा लाख जिंकणं दुपटीहून अवघड. एकूण बेरीज ‘सुधारणा’. लग्नात जिलबी बंद करून बडीशेप दोनदा फिरवली आणि आग्रह वाढला म्हणून सांगितलं, तर तुम्ही यजमानाला काय म्हणाल ते इथे म्हणायचं नाही.

टेक्सासच्या चार चेंडूंत मात्र बडीशेपही कमी झाली होती. सहातले तीन आकडे जुळायची शक्यता साठात एक होती, ती सुमारे पंचाहत्तरात एक झाली.

आणि ‘मेगा मिलियन्स’ ही दुसरी बहुराज्यीय लॉटरी! २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे चक्क उलटं झालं. जॅकपॉटची शक्यता ३० कोटी २५ लाखांवरून २९ कोटी ४ लाखांत एक अशी सुधारली. लोकांच्या हाकेला ओ दिली म्हणा ना. तिकीट तेवढं दोन डॉलरचं पाच डॉलर झालं. पुढच्या वेळी मागणी करताना जपून करा, ती मान्य होऊ शकते.

कोणी म्हणेल, पण पैसा शाळांना जातो ना? जातो. टेक्सासात १९९७ पासून लॉटरीचा नफा शालेय शिक्षणाच्या निधीत जमा होतो. म्हणजे शाळेत संभाव्यता नीट शिकवायची, तर ती न शिकलेल्यांनी तिकिटं घेतली पाहिजेत. ही साखळी तुटू नये म्हणून मुलांना गणित बेताचंच येऊ द्या. तुम्ही हरकत घेताना नेमके शाळेच्या मुलांच्या तोंडचा घास काढताय, हे सांगणारा कोणीतरी सुनावणीला असतोच. त्याच्याकडे बघून ओशाळं व्हायचं.

तरी हरकत घ्यायचीच असेल तर रीतसर घ्या. तिथे नियम बदलायचा झाला की प्रस्ताव ‘टेक्सास रजिस्टर’ नावाच्या सरकारी राजपत्रात छापतात आणि लोकांना ३० दिवस देतात. तीस दिवस भरपूर झाले. सकाळी कामावर जाताना पेट्रोल पंपावर तिकीट घेणारा माणूस, ज्याच्या जिवावर हा सगळा संसार चाललाय, तो रोज राजपत्र चाळतच असतो. हरकतीत ‘अन्याय’, ‘फसवणूक’ असे जड शब्द नकोत. ‘विनम्र सूचना’ लिहा. फाइल तेवढीच जाड होते आणि खात्यालाही जनतेचा प्रतिसाद उदंड आला असं लिहिता येतं.

आता हरकत घेणाऱ्यांचं पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे तुमचा राग निवळेल. २००० साली चोपन्न चेंडू झाले, तिथेही खात्याचं मन भरलं नाही. २००३ मध्ये नवा साचा आला, ४४ पैकी पाच आणि शिवाय वेगळ्या ४४ पैकी एक बोनस चेंडू. ४४ हा आकडा ५४ पेक्षा लहान दिसतो की नाही? दिसतोच. शक्यता मात्र ४ कोटी ७७ लाख ८४ हजार ३५२ मध्ये एक. पुढे २००५ मध्ये असं निघालं की तिकिटं खपून जेवढी रक्कम जमेल त्यापेक्षा मोठे जॅकपॉट जाहिरातीत सांगितले जात होते. त्यावरून कार्यकारी संचालकांना पद सोडावं लागलं. जॅकपॉट मोठा दिसावा म्हणून तो अवघड केला, आणि एवढं करून जेवढा मोठा दाखवला तेवढाही तो नव्हता. मला यात लबाडी दिसत नाही. यात एक प्रकारची आशा आहे, आणि खातं आशाच तर विकतं.

शेवटी २००६ मध्ये पुन्हा चोपन्नातले सहा सुरू झाले. ज्या चोपन्न चेंडूंच्या नावाने सहा वर्षांपूर्वी शिमगा केला होता, तेच परत आले तर सुटल्यासारखं वाटलं. भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण टेक्सासात कोणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ती राबवायची कशी हे खात्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सांगतो, अवघड झालं की लगेच ओरडू नका. त्याहून अवघड होईपर्यंत थांबा, मग पहिलं सोपं वाटतं.

या सगळ्यात मला उगाच आपला मटका आठवतो. मटका बेकायदा, मटकेवाला बदनाम, पोलिसांचा ससेमिरा वेगळा. पण आकडे शून्य ते नऊ, दहा म्हणजे दहा. धंदा बसला म्हणून मटकेवाल्याने दहाचे बारा केले असं कधी ऐकलं का? त्याच्याकडे ना राजपत्र, ना ३० दिवसांची मुदत, ना त्याला शाळा चालवायच्या होत्या. गिऱ्हाईक उठून शेजारच्या अड्ड्यावर जाईल एवढीच त्याला भीती होती. राज्य लॉटरीला शेजारचा अड्डाच नसतो, म्हणून ती इतकी सुसंस्कृत असते. महाराष्ट्र सरकारनेही १९६९ मध्ये आपली लॉटरी काढली. तिच्या मोठ्या सोडतींना ‘भव्यतम’ म्हणतात. कागदी तिकिटात मात्र एक मागासलेपणा आहे: जेवढी छापली तेवढ्यांतच काय ते बघायचं. चेंडू वाढवायची कला आपल्याला तिकडूनच शिकावी लागेल.

बरं, जॅकपॉट अवघड झाला म्हणजे तो कोणाला लागतच नाही, असा जो प्रचार होतो तो निव्वळ अपप्रचार आहे. २०२२ च्या शेवटाकडे लोटो टेक्सासचा हंडा भरायला लागला. कित्येक महिने कोणालाही लागला नाही. पंपावरचा एक डॉलर, किराणा दुकानातला एक डॉलर, असं करत करत जॅकपॉट २०२३ च्या एप्रिलमध्ये साडेनऊ कोटी डॉलरपर्यंत गेला. हप्त्यांऐवजी एकरकमी घेतला तर ५ कोटी ७८ लाख. तेव्हा काही चतुर मंडळींनी तो हिशेब केला, जो करू नका असं मी तुम्हाला वर सांगितलं. एकूण जोड्या २ कोटी ५८ लाख, तिकीट एक डॉलरचं. मग अडचण कसली? सगळीच तिकिटं घेऊन टाकायची. चार ठिकाणी यंत्रं लावून त्यांनी काही दिवसांत जवळजवळ सगळ्या जोड्या छापून घेतल्या. २२ एप्रिलला, शनिवारी, सोडत झाली आणि जॅकपॉट अर्थातच त्यांच्या गठ्ठ्यात निघाला. तिकिटांचा खर्च वजा जाता, कर कापायच्या आधी, तीन कोटींवर डॉलर सुटले.

आता सांगा, अवघड कोणासाठी होतं? एक डॉलरवाल्यांनी हंडा भरायचा आणि अडीच कोटीवाल्यांनी तो उचलून न्यायचा, इतकी नीटस कामाची वाटणी मी सहकारी साखर कारखान्यातही पाहिली नाही.

लोकांनी पुन्हा ओरड केली. २०२५ च्या फेब्रुवारीत गव्हर्नरांनी ‘टेक्सास रेंजर्स’ या राज्याच्या तपास पथकाला चौकशी करायला सांगितलं. ऑनलाइन तिकिटं घेऊन देणाऱ्या कुरिअर सेवांवर बंदी आली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरी आयोगच गुंडाळला. आता टेक्सासची लॉटरी राज्याच्या परवाना खात्याकडे आहे. हे खातं इलेक्ट्रिशियनना परवाने देतं आणि न्हाव्यांनाही. लॉटरी कोणत्या धंद्याशेजारी बसवावी हे एखाद्या मराठी माणसाला विचारून ठरवलं असेल, अशी मला दाट शंका आहे.

तुमच्यासाठी मार्ग अजून मोकळा आहे, फक्त यंत्रांऐवजी हाताने भरावं लागेल. एका तिकिटाचे सहा आकडे काळे करायला दहा सेकंद धरा. रात्रंदिवस, जेवण-झोप न घेता बसलात तर सगळ्या जोड्या आठ वर्षं दोन महिन्यांत भरून होतात. चेंडू पन्नासच असते तर पाच वर्षांत उरकलं असतं, पण त्याला आता इलाज नाही. सासऱ्यांना हाताशी घ्या, ते तसेही दिवसभर घरात कंटाळतात. त्यांच्या व्हिसाची मुदत मात्र आधीच वाढवून घ्या.