मौन आणि पळी

शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत सुलभकांनी, म्हणजे आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्यांनी, टीप दिली होती : "वर्ग दंगा करत असेल तर आवाज चढवू नका. समोर उभं राहा, गप्प राहा. दोन मिनिटांत शांतता." ही शांतता ते माइकवरून ओरडून सांगत होते आणि मागचे गुरुजी मोबाइलमध्ये होते. मी तिथंच शहाणं व्हायला हवं होतं.

मंगळवारी तिसरी-चौथीचा जोडवर्ग, हातच्याची वजाबाकी. खडू ठेवला, हाताची घडी घातली, उभी राहिले. पहिल्या मिनिटाला पोरांना वाटलं सुट्टी झाली. दुसऱ्या मिनिटाला मागं कुस्ती लागली. मी ढिम्म.

तेवढ्यात खिडकीत खिचडीच्या मावशी. हातात पळी.

"बाई, काय झालं वो?"

मी मान हलवली.

"वाचा बसली का काय? आमच्या चुलत सासऱ्यांचं असंच झालतं. बाजारातनं वांगी घिऊन आले, पायरीवर बसले, ते बसलेच. दोन्ही हात वर करा बघू. आशाताईंनी सांगितलंय."

केले. मला बघून अठ्ठावीस पोरांनी केले.

"आता हसा."

हसले.

"डावीकडनं वाकडं हाय!"

ते जन्मापासून वाकडं आहे. पण मौन मोडल्याशिवाय सांगू कसं?

मावशींनी पळी गजांवर हाणली. "बाईंना लकवा झालाय आन् तुमी नाचताय व्हय रं?"

वर्ग गार. पळी गजांना लागली, पोरांना नाही. त्यामुळे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाबूत. माझी बारा वर्षांच्या नोकरीतली इज्जत मात्र नाही.

हाच कायदा म्हणतो, प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. आमची 56. हिशेब चोख, फक्त इयत्ता चार आहेत. तिसरीची वजाबाकी घेताना चौथीनं काय करायचं, याची टीप आजवर एकाही सुलभकानं दिलेली नाही. विचारलं तर म्हणतात, "वेळेअभावी पुढच्या वेळी घेऊ." आणि दुपारी ग्रुपवर : 'तंत्र वापरल्याचा फोटो तात्काळ टाकावा.' तात्काळ! मुलं गप्प असलेला एकच फोटो निघाला, त्यात खिडकीतून पळी डोकावतेय. तोच टाकला. चौदा अंगठे आले.

बुधवारी सकाळी चौथीतल्या एकाची आजी तेलाची बाटली घेऊन दारात. "लकव्यावर लई गुणाचं हाय, बाई. रोज रात्री चोळायचं."

घेतली. गुडघ्याला लावतेय.