गाडी नंबर सांगा

दिवाळीला सहा दिवस होते. माझे दोन्ही हात चकलीच्या पिठात होते आणि फोन वाजला. अलिबागजवळच्या नागावहून धाकटा भाऊ.

“ताई, तू मुंबईतच राहतेस ना?”

मी भांडुपला राहते आणि बावीस वर्षं राहते, हे त्याला पाठ आहे. हा प्रश्न नसतो, ही नांदी असते. ह्याच नांदीवर मी आजवर मिक्सरच्या भांड्याचं रबर, बाबांच्या कानातल्या यंत्राचे सेल आणि एकदा चुलतबहिणीच्या लग्नासाठी पंचवीस फेटे पाठवले आहेत. नागावच्या हिशेबी मुंबई हे एक मोठं दुकान आहे आणि मी त्याच्या गल्ल्यावर बसते.

“एटीव्हीची बॅटरी गेली,” तो म्हणाला.

एटीव्ही म्हणजे ती फुगलेल्या टायरांची, स्कूटरसारख्या हँडलची चारचाकी. समुद्रावर पर्यटक तिच्यावर बसून किंचाळतात. भावाकडे अशा दोन आहेत. पावसाळ्यात दोन्ही वाडीतल्या मांगरात झाकून ठेवल्या होत्या. एकीची बॅटरी भावाने काढून घरात ठेवली, अधूनमधून चार्ज केली. दुसरीची तशीच राहिली. चार महिने चार्ज न मिळालेल्या बॅटरीच्या आत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती काही केल्या उठत नाही. गावातल्या गॅरेजवाल्याने मीटर लावला, तर साडेदहा व्होल्ट.

“साडेदहा म्हणजे बरेच आहेत की,” मी म्हणाले.

नाहीत. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा खोल्यांची चाळ. प्रत्येक खोलीत दोन पूर्णांक एक व्होल्टचं बिऱ्हाड, सगळे घरी असले की बेरीज १२.६. साडेदहा आले, याचा अर्थ एका खोलीला कुलूप लागलंय. आणि पाच खोल्यांवर स्टार्टर फिरत नाही, नुसता ‘टक्’ म्हणतो. भावाने तो ‘टक्’ मला फोनवर ऐकवलासुद्धा.

जुन्या बॅटरीचा फोटो आला. त्यात भावाचा अंगठा सुरेख आला होता. लेबलाचं बरंचसं खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं, टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखी पूड, आणि खाली कसंबसं ‘एक्स १४’. माप विचारलं तर म्हणाला, “एक वीत लांब, चार बोटं रुंद.” मी म्हटलं, ब्लाउज शिवायला टाकत नाहीये, टेप लाव. मग आलं: पंधरा सेंटीमीटर लांब, पावणेनऊ रुंद, साडेचौदा उंच.

ऑनलाइन पाहिलं. एक विक्रेता पंधरा दिवसांनी देणार होता, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला. दुसऱ्याला माझा पिनकोड पसंत नव्हता.

भांडुपच्या दुकानात गेले. “एटीव्हीची बॅटरी आहे का?” दुकानदाराने मला आदराने आत नेलं आणि कंबरेएवढ्या उंचीच्या, दोन माणसांनी उचलायच्या बॅटऱ्या दाखवल्या. “एटीएमला ह्याच लागतात मॅडम. कुठल्या बँकेकडून आलात?” मी एटीव्ही म्हटल्याचं सांगितलं. ते काय असतं म्हणाला. मी दोन्ही हात पुढे धरून, गुडघे किंचित वाकवून दाखवलं. बाहेर रिक्षावाले बघत होते. “कुर्ल्याला मिळेल,” तो घाईने म्हणाला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचा जो भाग हवा तो मिळतो, तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली असेल तर थोडी वाट पाहावी, असा आमच्याकडे जुना विनोद आहे. तिसऱ्या दुकानाचे मालक साठीचे, मूळ जुन्नरचे निघाले. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, अंगठ्याकडे दुर्लक्ष केलं आणि म्हणाले, “वायटीएक्स १४ बीएस. पण ‘एल’ आहे की नाही ते दिसत नाही.”

“एलने काय होतं?”

“अधिकचं, म्हणजे लाल वायरचं टोक उजवीकडे येतं. एल नसेल तर डावीकडे. माप तेच, ताकद तीच. उलटी नेलीत तर वायर पोचत नाही, मग पोरं ती ओढून-ताणून उलटी जोडतात आणि रेग्युलेटर जळतो. भावाला विचारा, अधिक कुठे आहे.”

विचारलं. “उजवीकडे,” भाऊ म्हणाला.

“कुठून बघून?” मालक.

“कुठून बघून?” मी.

“माझ्याकडून.”

“तू कुठे आहेस?”

“वाडीत.”

हे पुढे बरंच चाललं. मालकांच्या सांगण्याप्रमाणे टर्मिनल असलेली बाजू स्वतःकडे करून बघायचं असतं. भाऊ गाडीच्या पलीकडे उभा राहून बघत होता. मग तो अलीकडे आला आणि अधिक डावीकडे गेलं. मग वहिनीला बघायला सांगितलं, तिने “लाल वायर नारळाच्या बाजूला आहे” असं कळवलं. वाडीत चहूकडे नारळ आहेत. शेवटी मीच ओरडले, “फोटो काढ, अंगठा न घालता!” डावीकडे होतं. एल नाही. सुटलो.

मालक आता खुलले. “ही एजीएम आहे. आत काचेच्या तंतूंची गादी असते, ती ॲसिड शोषून घेते. गाडी कशीही उडू दे, सांडत नाही. बारा अँपिअर-अवर. आणि कोल्ड क्रँकिंग, म्हणजे थंडीत गाडी उठवायची ताकद, दोनशे! उणे अठरा अंशालासुद्धा दोनशे अँपिअर देणार.”

नागावला थंडी म्हणजे बाबा सकाळी कानटोपी घालतात ती. उणे अठराला पर्यटकांची गर्दी समुद्रावर येईल का, हे मी विचारलं नाही. माणूस मनापासून सांगत असला की मला अडवता येत नाही. साड्यांच्या दुकानातही माझं हेच होतं.

“किती?”

“पाच हजार, अधिक अठरा टक्के जीएसटी. पाच हजार नऊशे. नशीबवान आहात, २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी २८ टक्के होते, पाचशे वाचले तुमचे.” मी वाचलेल्या पाचशेंचा आनंद चेहऱ्यावर आणला. “जुनी आणली असती तर तीनशे आणखी कमी केले असते. भंगाराला जाते ना.”

जुनी खाडीपलीकडे होती.

“आता वॉरंटी कार्ड. गाडी नंबर सांगा.”

“नंबर नाही.”

“नवी गाडी आहे?”

“जुनी आहे. पण नंबर नाही.”

पेन थांबलं. बाकड्यावर बसलेल्या दोन माणसांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. ज्या रस्त्यावर नंबर नसलेल्या गाड्यांविषयी कुणी काही विचारत नाही, तिथे मी एकटी संशयित ठरले होते. मी समजावलं, की ही गाडी रस्त्यावर आणायचीच नसते, म्हणून तिला आरटीओ नाही, पासिंग नाही, नंबर नाही. “मग चालते कुठे?” “वाळूत.” “कोण चालवतं?” “पर्यटक.” “भाड्याने?” इथे माझ्या लक्षात आलं की कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत धंद्याच्या वापराविषयी काहीतरी लिहिलेलं असतं. मी खोकले. मालकांनीही समंजसपणे पुढे विचारलं नाही, फक्त म्हणाले, “कॉम्प्युटर नंबराशिवाय पुढे सरकत नाही. घरात दुसरी कुठली गाडी आहे?”

आहे. नवऱ्याची स्कूटर. तिची स्वतःची बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेली, तेव्हापासून ती किकवर चालते, कारण ‘उगाच खर्च कशाला’. मी तिचा नंबर दिला.

राहिले फक्त पैसे.

मी ऐटीत क्यूआर कोड स्कॅन केला, ५९०० टाकले, पिन घातला. व्यवहार अयशस्वी. पुन्हा. अयशस्वी. मग आठवलं, आदल्याच संध्याकाळी मुलाने त्याचा जुना फोन मला दिला होता आणि ॲप नव्याने चालू केलं होतं. अशा वेळी पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा असते. म्हणजे बँकेला बॅटरी मंजूर होती, जीएसटी मंजूर नव्हता.

“कार्ड चालेल?”

“चालतं ना!” मालकांनी मशीन काढलं, दोनदा दाबलं, तळहातावर आपटलं. मग हळूच म्हणाले, “चार्जिंग संपलंय.”

चारी भिंतींना छतापर्यंत बॅटऱ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “माझं यूपीआय तूच बंद करायला लावलंस, त्या वीज तोडण्याच्या फोननंतर.” भावाचा पैशाच्या बाबतीत ठराव होता, की सीझन सुरू झाल्यावर. एटीएम शोधलं, तर आत पैसे नव्हते, एसी मात्र छान होता, दोन मिनिटं उभी राहिले.

“उद्या येऊ का? उद्या मर्यादा सुटेल.”

“या. पण मग बॅटरी परवा मिळेल. ॲसिड भरायचं, अर्धा-पाऊण तास मुरू द्यायचं, मग रात्रभर चार्जिंग. आणि एकदा ॲसिड ओतलं की परत घेत नाही, म्हणून पैसे आधी.” न भरता ॲसिडची बाटली वेगळी न्यावी म्हटलं, तर “लोकलमध्ये? ॲसिड? पकडतील ताई.”

पर्समध्ये सहाशे चाळीस होते. मालकांनी ते माझ्यासोबत मोजले. बाकड्यावरच्या दोघांनीही मनात मोजले असावेत, कारण त्यांतला एक म्हणाला, “शेठ, जुनी बॅटरी पकडा ना.” पाच हजार यूपीआय, सहाशे रोख, तीनशेची जुनी बॅटरी उधार! खाडीपलीकडची मेलेली बॅटरी माझ्या नावावर चढली. पर्समध्ये चाळीस रुपये उरले.

मग त्यांनी माझ्यासमोर ॲसिड भरलं. सहा बाटल्या एकाच पट्टीत जोडलेल्या, आईस्क्रीमच्या साच्यासारख्या. ती पट्टी उलटी करून बॅटरीच्या सहा भोकांवर दाबून बसवली. क्षणभर काहीच नाही. मग एका बाटलीतून बुडबुडा वर आला, गुडुक. मग दुसरीतून, तिसरीतून. सहावी अडली. मालकांनी तिच्या बुडावर टिचकी मारली, गुडुक. सहाही बिऱ्हाडांत पाणी आलं. दुकानात कुणी बोलत नव्हतं. काठाला हात लावला तर बॅटरी कोमट झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती घेतली, डॉकयार्ड रोडला उतरले आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. चार किलोची पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, “फराळ का?” मी हो म्हटलं.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. भावाने सीझनची वाट न पाहता पाच हजार तिथेच पाठवले. “आणि सहाशे?” तर आत गेला आणि अठरा नारळ घेऊन आला. टक्क्याला एक, म्हणाला.

परतीच्या लाँचमध्ये अठरा नारळ आणि एक मेलेली बॅटरी. नारळ घरी टाकले आणि बॅटरी घेऊन कुर्ल्याला गेले. मालकांनी ती काट्यावर ठेवली, जुन्या मालाची वही उघडली.

“गाडी नंबर सांगा.”

मी स्कूटरचा नंबर न अडखळता सांगितला. कुर्ल्याच्या वहीप्रमाणे आता तिची जुनी बॅटरी जमा आहे आणि नवी, चार वर्षांच्या वॉरंटीची, बसलेली आहे. घरी आले तेव्हा नवरा खाली तिला किक मारत होता.