डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा

कमी दिवसांच्या, म्हणजे मुदतीआधी जन्मलेल्या मुलांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, ही मुलं दोन वर्षांत इतरांच्या बरोबरीला येतात. वजन-उंचीचं एकवेळ मान्य, पण फुप्फुसांबद्दल हे अर्धवट आहे. माझा मुलगा २८व्या आठवड्यात जन्मला, आता ११ वर्षांचा आहे. फुप्फुसांतले बरेचसे वायुकोश (हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो त्या बारीक पिशव्या) ३६व्या आठवड्यानंतर आणि जन्मानंतरच्या काही वर्षांत तयार होतात. बाळ त्याआधीच बाहेर आलं, व्हेंटिलेटरवर राहिलं, तर पुढेही श्वासाची ताकद कमी राहू शकते.

शिवाजी पार्कला धावताना तो दुसऱ्याच फेरीत छातीला हात लावून उभा राहायचा. शाळेत त्याला आळशी म्हणायचे, याचा राग मला अजून येतो. शेवटी स्पायरोमेट्री केली (साधी फुंकायची तपासणी, पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही जमते) तेव्हा उलगडा झाला. तोवर जन्म कितव्या आठवड्यातला, हे कुणी विचारलंच नव्हतं!

डॉक्टरांनी खेळ बंद केला नाही, उलट हळूहळू वाढवायला सांगितला. आता पाच फेऱ्या होतात. त्याच्यासाठी आजोबांनी विडी सोडली. समोरच्या पुनर्विकासाच्या धुळीचं काय करायचं, ते मात्र आम्हाला सुचलेलं नाही. ज्यांची मुलं लवकर जन्मली त्यांनी डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा.