शनीच्या चंद्रावर "जीव सापडला" म्हणे!

तोच मेसेज चौथ्यांदा आला म्हणून लिहायला बसलो. मेसेज असा, की शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर पाणी, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन आणि "डीएनएमधला फॉस्फरस" मिळालाय, म्हणजे जीव मिळालाच, पण नासा लपवतंय, आणि पुरावा नको म्हणून शनीभोवती फिरणारं कॅसिनी यानच शनीवर आपटलं. शेवटी, विश्व जीवांनी भरलंय वगैरे.

पाणी आहे, वादच नाही. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा गोळा, बर्फाखाली खारा समुद्र, आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून त्याचे फवारे थेट अवकाशात उडतात, २००५ मध्ये कॅसिनीला ते दिसले आणि पुढे ते त्यातून आरपार गेलंसुद्धा. पण पाणी ही जीवाची गरज झाली, पुरावा कधीपासून झाला?

"सेंद्रिय" शब्दानं तर घोळच केलाय. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला खत आठवतं, केमिस्ट्रीत मात्र त्याचा अर्थ कार्बनचे रेणू एवढाच, आणि ते उल्कांमध्येही असतात. फॉस्फरसचंही तेच. २०२३ मध्ये जाहीर झालं ते फॉस्फेट, म्हणजे समुद्रात विरघळलेलं क्षार. डीएनए नाही.

आता हायड्रोजन, कारण खरी गंमत इथे आहे. गरम खडक आणि पाणी यांच्या रिॲक्शनमधून तो बनतो, आणि पृथ्वीवर काही सूक्ष्मजंतू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवून त्यातल्या ऊर्जेवर जगतात, सूर्यप्रकाश लागतच नाही. म्हणजे एन्सेलाडसवर जेवण तयार आहे. पण मग जेवणारे असते तर एवढं अन्न उरलं असतं का? काही शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारलाय. कदाचित खाणारे कमी असतील, कदाचित कुणीच नसेल. मेसेजवाल्याला जो पुरावा वाटतो तो उलट बाजूनंही वाचता येतो, हे त्याच्या गावीही नाही.

कॅसिनीचं म्हणाल तर इंधन संपत आलं होतं, भरकटलेलं यान उद्या एन्सेलाडसवर पडलं आणि त्याला चिकटून पृथ्वीवरचे जंतू तिथे पोचले तर पुढचा सगळा शोधच नासणार, म्हणून आधी जाहीर करून १५ सप्टेंबर २०१७ ला ते शनीत सोडलं. गुरूजवळच्या गॅलिलिओ यानाचं २००३ मध्ये हेच केलं होतं, गुरूचा युरोपा चंद्र वाचवायला, कारण त्याच्याही बर्फाखाली समुद्र असावा. डेटा तर कधीच पृथ्वीवर आलेला, तो यान पाडून कसा नष्ट होणार? शिवाय यान १९९७ चं, तेव्हा फवाऱ्यांचा पत्ताच नव्हता, त्यावरची उपकरणं जीव ओळखायला बनवलेलीच नव्हती.

राहिलं "विश्व जीवांनी भरलंय". मंगळावरचे दगड उडून पृथ्वीवर पडलेत, त्यामुळे तिथे जंतू मिळाला तरी तो आपलाच चुलतभाऊ निघू शकतो. एन्सेलाडस किंवा युरोपावर ती शक्यता फारच कमी, म्हणून तिथे एक जरी वेगळ्या घडणीचा जंतू मिळाला तर एकाच सूर्यमालेत जीवन दोनदा सुरू झालं असं म्हणता येईल, आणि मग भरलंय म्हणायला आधार मिळेल. सगळी सामग्री असून काहीच नाही मिळालं, तर तीही मोठी बातमी.

नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, २०३० ला गुरूपाशी पोचेल, आणि तेही जीव पकडायला नाही, तर युरोपा राहण्याजोगा आहे का एवढंच बघायला. तेव्हा २०३० मध्ये "युरोपावर जीव सापडला" असं कुणी पाठवलंच, तर मी हेच परत पेस्ट करणार.